मूठ न बसवलेलं पातं

गोट्याचा घाव बसला. चकमकीच्या दगडातून बोटभर लांबीचं पातं सुटलं आणि थोरलीच्या मांडीवरच्या चामड्यावर किणकिणत पडलं. दगडी हत्यारं कशी घडवत ते बघायला संग्रहालयाच्या अंगणात दाटीवाटीने बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने मान वर केली, तर फाटकातून धाकट्या बहिणीचा नवरा आत शिरत होता.

"वा ताई," माणसं तुडवत तो पुढे आला. "दुनिया कुठल्या कुठे गेली, तुम्ही बसा दगड फोडत. माझी बायको कुठंय?"

"इथे नाही, जावईबापू. खाली बसा, मागच्यांना दिसत नाहीये."

दोघे-चौघे हसले. त्याची नजर अंगण चाचपत फिरली आणि कोठीच्या दाराशी थांबली. बाहेरून कडी होती, पण उंबऱ्याशी निळ्या चपला होत्या. जुन्या भांड्यांच्या कोठीत अनवाणीच जायचं, हा थोरलीचाच नियम. सुजलेला डोळा घेऊन पळत आलेल्या धाकटीने तेवढ्या घाईतही तो पाळला होता.

त्याने लाथेने समोरची फळी उडवली. मडकी फुटली, हाडाच्या सुया, मणी फरशीभर विखुरले. थोरली आडवी आली, तसं त्याने तिला केसांना धरून भिरकावलं. कपाळ पायरीवर आपटलं. खाली पडलेलं पातं त्याने उचललं.

"आज तिचं तोंडच ओळखू येणार नाही कुणाला."

पात्याला दोन्ही अंगांनी धार होती, मूठ अजून बसवायची होती. त्याने ते सुरीसारखं आवळलं.

डोळ्यात उतरणाऱ्या रक्ताआडून थोरलीला त्याच्या बोटांतून पाझरणारी लाल रेघ दिसली. त्याला पत्ताच नव्हता. ताजी धार आधी कापते, पार नसांपर्यंत; दुखतं मागाहून. हात उघडा, एवढंच सांगायचं होतं. शब्द ओठांवर आलेही.

"घट्ट धरा, जावईबापू," ती म्हणाली. "निसटेल."

त्याने दात-ओठ खात मूठ आणखी आवळली. संग्रहालयाचा पहारेकरी धावत येऊन त्याच्या डाव्या हाताला लोंबकळला. त्यालाही फरफटत नेत तो दारापर्यंत गेला. तिथे पातं टाकून त्याने उजवा हात कडीला घातला. कडी हलली नाही. पुन्हा घातला. बोटं कडीवरून नुसती घसरत होती.

पहारेकऱ्याने त्याला सोडून दिलं.

"ताई," आतून धाकटीने हळूच विचारलं, "गेले का गं ते?"

दाराबाहेर तो डाव्या हाताने उजव्याची बोटं एकेक करून मिटवत होता. सोडली की ती उघडत होती.