खोतबाईंचा हातमोजा

उज्ज्वला गावितच्या थोरल्या बहिणीला जुळं झालं, त्या वर्षी उज्ज्वला आपल्या गुरू, सर्जन खोतबाईंचा हातमोजा घालून तान्ह्या बाळांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करायला शिकत होती. बाईंच्या बोटांची चाळीस वर्षांची सवय त्या मोज्यात भरलेली होती. मोजाच बोटं चालवायचा. त्यातून शिकणाऱ्याचा हात आपोआप तयार होतो, असं सगळे मानत.

एका मंगळवारी सकाळी टेबलावर कळवणच्या देवऱ्यांची अकरा दिवसांची मुलगी होती. हृदयाची बारीक रक्तवाहिनी शिवायची वेळ आली आणि मोजा थरथरून थांबला.

"बाई, हा पुढे जात नाही!"

मागे उभ्या असलेल्या खोतबाईंचा चेहरा उतरला. त्यांची स्वतःची बोटं आता संधिवाताने वाकली होती.

"इथेच एकदा माझ्या हातून बाळ गेलं होतं. तेव्हापासून माझा हात इथे अडायचा. कोणाला सांगितलं नाही गं मी."

"मग पुढे कसा नेत होतात?"

"देवाचं नाव घ्यायचे आणि रेटायचे. मोज्याला ते कुठून येणार? काढ तो. तुझ्या हाताने टाका घाल."

"माझ्या हाताने मी आजवर एकही टाका घातलेला नाही, बाई."

"मग आज घाल. बाहेर तिची आई बसलीय."

उज्ज्वलाने मोजा काढला. आतल्या रबरी मोज्यातली तिची बोटं सुईवरून घसरत होती. तिने तीन टाके घातले. चौथ्याला रक्त थांबेना.

बारसं व्हायचं होतं, म्हणून मुलीला नाव नव्हतं. देवऱ्यांची ती मुलगी त्या मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी गेली.