अजून जरा आंबट

घड्याळांचं दुकान मुलाकडे सोपवल्यापासून घड्याळजी दिवसभर मागच्या खोलीत, द्राक्षांच्या बरण्यांपाशी ठाण मांडून असायचे. बायकोशी बोलणं 'जेवायला वाढ' एवढ्यावर आलं होतं. अखेर घरची वाइन तयार झाली, पण अशी आंबट की त्यांचेच दात आंबले.

"तू सांग, तुला आवडेल तितकी गोड करू," म्हणत त्यांनी तिला टेबलापाशी बसवलं. एकदम साखर ओतून बरणी बिघडायला नको, म्हणून पेल्यात चमचाभर पाक घालायचा, ढवळायचं आणि तिने घोट घ्यायचा.

"अजून जरा आंबट आहे हो," ती म्हणायची आणि शेजारणीच्या मांजराचा किस्सा सांगायची. पुन्हा चमचा, पुन्हा घोट. मुलांचं लहानपण, राहून गेलेल्या सहली, सगळं निघालं. दिवेलागण झाली, पेल्यात नुसती काकवी झाली, तरी बाईसाहेबांचं आपलं एकच, "किंचित आंबट लागतेय."

सकाळी कितीतरी दिवसांनी घड्याळजींनी दोघांचा चहा केला. तिच्या कपावर साखरेचा चमचा नेला आणि हात तिथेच थांबला.


गोडाचं तिला लग्नाआधीपासून वावडं होतं.