आपोआप बसणारं गाठोडं

पडद्यावरची हिरवी पट्टी उजव्या टोकापासून मोहरीच्या दाण्याएवढी अलीकडे येऊन थांबली. ती नेहमी तिथेच थांबायची. बाईंनी खुर्ची पुढे ओढली, गारठलेली बोटं एकमेकांवर चोळली आणि पाठ असलेल्या ओळी टाइप करायला घेतल्या.

“अडलं का?” मागून तात्यांनी विचारलं. या ग्राहकाकडचे सर्व्हर तेच सांभाळत. यंत्रांसाठी खोली सदा थंड ठेवलेली, त्यामुळे तात्यांच्या डोक्यावर बारा महिने कानटोपी.

“अडलं.”

“तुमचे साहेब तर छातीठोक सांगत होते, कुठल्याही सर्व्हरवर आपोआप बसतं म्हणून.”

“बसतं. तुमचा सोडून.”

कंपनीचं सॉफ्टवेअर पॅकेजमध्ये बांधायचं काम बाईंचं. ऑफिसात सगळे त्याला गाठोडंच म्हणत. ते ग्राहकाच्या सर्व्हरवर सोडलं की आपलं आपण उलगडायचं आणि कामाला लागायचं. तात्यांचा सर्व्हर मात्र जुना. त्याचा डेटाबेस जागा होईपर्यंत दम धर, असं गाठोड्याला बजावावं लागे. ती सूचना बाईंनी एकदा गाठोड्यातच घातली होती. ‘एका म्हाताऱ्या सर्व्हरपायी सगळ्यांच्या गाठोड्यात अडगळ कशाला?’ म्हणून साहेबांनी ती काढायला लावली. ‘तू आहेसच की!’ तेव्हापासून दर नव्या आवृत्तीला त्या इथे यायच्या आणि हाताने ती सूचना द्यायच्या. ऑफिसात त्यांना ‘सुईण’ म्हणत, तेही कौतुकानेच.

“म्हणजे गाठोड्याबरोबर तुम्हालाही बांधून पाठवतात म्हणा की, ताई,” तात्या हसले. “मी जेवून येतो. दार लागेल हं. आतून उघडायलाही कार्ड लागतं, आणि बाहेरच्या माणसाला ते द्यायचं नाही, असा नियम आहे.”

“आणि मला बाहेर पडावंसं वाटलं तर?”

“फोन करा. जेवताना मी उचलत नाही, तेवढं सोडलं तर कधीही.”

दार लागलं. खिडकी नव्हतीच. पंख्यांची घरघर तेवढी राहिली. अर्धी ओळ टाइप होते न होते तोच मोबाइल वाजला. मुलगी होती. वडिलांची बदली झाली तेव्हा ती त्यांच्याबरोबर दुसऱ्या शहरात गेली. बाई मागाहून जाणार होत्या.

“आई, बाबा म्हणतात तुला विचारू नको. पण तू खरंच येणार आहेस का गं?”

“अगं, ही आवृत्ती एकदा बसली की...”

“मागच्या वेळीही हेच म्हणालीस. येणार नसशील तर खिडकीची खोली मी घेते. तुझी पुस्तकं नुसती खोक्यात पडलीत तिथे. चिडून नाही विचारत आहे मी. ठरव फक्त.”

“संध्याकाळी सांगते.”

“बरं.”

ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. ते ‘बरं’ अगदी समजूतदार होतं. बाईंना तेच लागलं.

त्यांनी पडद्यावरची अर्धवट ओळ पुसून टाकली. गाठोडं उघडलं आणि सूचना आत घातली, सोबत अट: सर्व्हर जुना असेल तरच थांब. ऑफिसातल्या चाचणीच्या सगळ्या सर्व्हरवर इथूनच चालवून पाहिलं. कुणाचं काही अडलं नाही. मग ते तात्यांच्या सर्व्हरवर सोडलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून त्या बसून राहिल्या, सवयीने उगीच पुढे जायला नकोत म्हणून.

पट्टी मोहरीएवढ्या अंतरावर थांबली. बाईंचा खांदा किंचित हलला. मग पट्टी सरकली आणि टोकाला टेकली. सॉफ्टवेअरचं पहिलं पान उमटलं. आनंद वगैरे झाला नाही. हात रिकामे वाटले.

साहेबांचा फोन आला. “बसलं का?”

“बसलं, सर. आपोआप.”

“आपोआप कसं? काय घातलंस त्यात?”

“या सर्व्हरची सूचना. बाकीच्यांना तिचा त्रास नाही, तपासलंय.”

“अगं, नको म्हटलं होतं ना मी? पुढच्या आवृत्तीत काढून टाक. नाहीतरी तू जातेसच तिकडे. तुझ्याशिवाय कोणाला जमतं ते?”

हे वाक्य कानावर आलं की आजवर त्या ओशाळून हसायच्या. आज त्या दाराकडे पाहत होत्या. ते बंदच होतं. तात्यांची चाहूलही नव्हती.

“पुढच्या वेळी मी नसेन, सर.”

“का गं? सुट्टी हवीय?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “मी नोकरी सोडतेय.”