नसलेला ड्रेस

एचआयव्हीची गोळी चुकू नये म्हणून हेल्पलाइनवरची ताई एका सुनेला दर सोमवारी फोन करायची. सासरी आजाराचा कुणाला पत्ता नव्हता. सुनेच्या मोबाइलमध्ये ताईचं नाव ‘टेलरबाई’ होतं. नसलेल्या ड्रेसचं निमित्त करून दोघी दोन वर्षं बोलल्या. मग महिनाभर फोन कुणी उचललाच नाही. आज सासूने उचलला. “टेलरबाई, पहाटे सून गेली हो. काय होतंय, थांगपत्ता लागू दिला नाही पोरीने. तुम्हाला काही बोलली होती?” “नाही, आई.” “तिचा ड्रेस तेवढा आणून द्या. दोन वर्षं शिवताय, झाला असेल ना? तोच घालून पाठवू तिला.” ताई धावत कपड्यांच्या दुकानात शिरली. दुकानदाराने माप विचारलं. तिचे रिपोर्ट ताईला तोंडपाठ होते, रडण्याआधीचं खाकरणं ओळखीचं होतं. ती उंच की ठेंगणी, हे मात्र कधी विचारलंच नव्हतं.