एका रात्रीचा अंधार

"एकच रात्र, मावशी. दारावरचा दिवा तेवढा बंद ठेवा."

शेजारच्या चष्मेवाल्याने फक्त पाया पडायचं बाकी ठेवलं होतं. दोन्ही घरांना मिळून फाटक एक, अंगण एक. त्याच्या दुर्बिणीपासून मावशींचा दरवाजा हाकेच्या अंतरावर, आणि तिथला दिवा रात्रभर ढणढण जळायचा. मरणाऱ्या ताऱ्याभोवती वायूचं पुसट कडं असतं, त्याला तेजोमेघ म्हणतात. ते टिपायचं याने मनावर घेतलं होतं. पण प्रत्येक फोटोत तो पिवळा उजेड कालवलेला. आता काही दिवसांत तारा छपरांआड जाणार. मग वर्षभर बसा हात चोळत.

मावशी फाटकाकडे बघत राहिल्या.

"एकच ना? माझ्या चष्म्याची काडी दरवेळी तुम्हीच बसवून देता. नाही कसं म्हणू?"

रात्री खरंच अंधार झाला आणि चष्मेवाल्याचा आनंद गगनात मावेना. दुर्बीण ताऱ्यामागे हळूहळू सरकत होती. एकेक फोटो कितीतरी मिनिटं चालायचा. तेवढ्यात फाटक करकरलं. पाठीवर पिशवी घेतलेला एक दाढीवाला फरशीवरून चालत आला.

"अहो, पाय वाजवू नका! दुर्बीण हलते!"

माणूस जागच्या जागी थांबला. "इथला दिवा बंद दिसतोय."

"बंदच. किती वर्षांची कटकट, मिटली एकदाची."

"मिटली?"

"आता नाही लागायचा तो," चष्मेवाला ऐटीत म्हणाला. मावशींना कायमचं पटवायचंच, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

माणूस थोडा वेळ त्या दाराकडे बघत उभा राहिला आणि आल्या पावली निघून गेला. जाताना पाय मात्र जपून टाकले. तरी एक फोटो वाया गेलाच, तारे रेघोट्यांसारखे ओढले गेले होते. चष्मेवाल्याने चडफडत तो पुसून टाकला.

बाकीचे फोटो एकावर एक रचले आणि सकाळी पडद्यावर निळंहिरवं कडं उमटलं. त्याला भरून आलं. छापील फोटो घेऊन तो तडक शेजारी गेला.

मावशींनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला.

"सुरेख आलाय हो. आज मात्र लावते हं दिवा. काल अंधारात मेली अशी गाढ झोप लागली, किती वर्षांनी! मुलगा भांडून गेला ना, तेव्हा बजावून गेलाय. म्हणाला, परत आलो तर आधी दिवा बघेन. लागलेला असला तर आत येईन, नाहीतर आल्या पावली परत."