धाकटी दांडी

बजरंगनं जीप श्यामसुंदरच्या गॅरेजसमोर कशीबशी वळवली. वळताना ती नेहमीसारखी कण्हली, दोन गचके दिले आणि बंदच पडली.

"पावर पायजे," बजरंग उतरता उतरताच म्हणाला. "आन् स्वस्तात. रविवारी डोंगर चढायचाय."

श्यामसुंदर विश्रांतवाडीतला जुना मिस्त्री. हातातला चहा संपल्याशिवाय गिऱ्हाइकाकडं बघायचं नाही, हा त्याचा नेम. चहा संपला तेव्हा बोलला, "पॉवर कोणाला? तुम्हाला की गाडीला?"

जीपमध्येच बसून राहिलेली बजरंगची बायको तुळजाबाई पदर तोंडाला लावून हसली. बजरंगला काही हसू आलं नाही. जीप चार भावांची. वाघोलीतली जमीन वाटली, घरं चार झाली, चुली चार झाल्या, सामाईक राहिली ती एवढी जीप. वर्षातून एकदा चौघं भाऊ तिच्यातनं डोंगरावरच्या भैरोबाला जायचे. धाकट्या तिघांच्या दारात आपापली नवी गाडी उभी, पण त्या दिवशी कोणी तिची किल्ली काढायची नाही, हा थोरल्याचा, म्हणजे बजरंगचा हुकूम. मागच्या साली जीप अर्ध्या घाटात बसली. धाकटा विश्वजीत भर रस्त्यात बोलून गेला, "दादा, पुढच्या खेपेला चढली न्हाई तर भंगारात घालायची." मधल्या दोघांनी, भैरूअण्णा आणि इंद्रजीतनं, माना डोलावल्या.

तेव्हापासून बजरंग नुसते सल्ले गोळा करत होता. कोणी म्हणालं टर्बो बसवा. कोणी म्हणालं इंजिनच दुसरं टाका. पुतण्या समर्थनं मोबाइलवर कुठल्या गोऱ्या माणसाचा व्हिडिओ दाखवला, तो आपला सायलेन्सर कापत बसलेला. शेवटी बजरंगनं आपल्या मनानं रुंद टायर घातले, तर गाडी होती त्याहून सुस्त झाली. डोक्याचा पार भुगा झाला होता.

श्यामसुंदरनं बॉनेट उघडलं, एअर फिल्टर काढला आणि फरशीवर आपटला. धुरळ्यात दोघंही दिसेनासे झाले.

"अख्खी वाघोली कोंबलीत यात. गाडीनं श्वास कुठनं घ्यायचा?"

मग तुळजाबाईला आत तशीच ठेवून त्यानं जीप चौकापर्यंत नेऊन आणली. परत आला. गिअरच्या दांडीशेजारी दुसरी एक धाकटी दांडी होती, तिच्यावर बोट ठेवून म्हणाला, "बजरंगराव, ही कधीपासून अशी आहे?"

"फोरव्हीलची? ती कायम टाकलेलीच आसती."

"कायम म्हणजे?"

"जमिनीची मोजणी झाली त्या पावसाळ्यापासनं. चिखलात रुतली हुती. टाकली, निघाली. मग कशाला काढायची? चारी चाकं वढाय लागली म्हंजी ताकद जास्तच की."

"डांबरी रस्त्यावरसुद्धा?"

"रस्ता कसला का आसंना."

श्यामसुंदर खाली उकिडवा बसला. काळ्या बोटानं फरशीवर वळण काढलं, वळणात चार टिंबं दिली.

"हे बघा. वळताना चारी चाकं सारखी जात नाहीत. हे लांबून जातं, हे जवळून. पुढच्यांची वाट वेगळी, मागच्यांची वेगळी. चिखलात जरा घसरून घेतात, भागतं. डांबरावर घसरायला जागा नाही. तुम्ही पुढची-मागची जखडून ठेवलीत. निम्मा जोर एकमेकांना ओढण्यातच जातो."

"सोडली तर वढायला दोनच ऱ्हातील की."

"दोनच."

"आन् दोनात चारापेक्षा जास्त जोर?"

"डांबरावर, हो."

"ते कसं काय?"

"अहो, मी मिस्त्री आहे, मास्तर नाही."

बजरंग त्या टिंबांकडं बघत राहिला. विहिरीतली मोटार वर काढताना चार माणसं लावली की ती लवकर वर येते, हे त्यानं जन्मभर बघितलेलं. हा बाबा उलटंच सांगत होता. बोटावर मोजून बघितलं, तरी जुळेना.

"आवो, काढून तर बघा," तुळजाबाई आतून म्हणाली. "दगडात कोरलीया का ती?"

बजरंगनं दांडी ओढली. हलेना. श्यामसुंदरनं गाडी दोन हात मागं घ्यायला सांगितली, तेव्हा कुठं ती खट्‌कन सुटली. मग त्यानं नवा फिल्टर बसवला, त्याचे पैसे तेवढे घेतले. दांडीचं किती म्हणून विचारलं तर म्हणाला, "त्याचे घेतले तर रात्री मला झोप लागणार नाही."

आळंदी रस्त्याच्या वळणावर बजरंगनं सवयीनं दोन्ही हातांचा जोर लावला. स्टिअरिंग एवढं भसकन फिरलं की त्यानं घाबरून पाय वर घेतला. मग हळूच एका हातानं वळवून बघितलं. वळली. पाय दाबला. पळाली. आनंद व्हायला पाहिजे होता, पण इतकी वर्षं आपण नक्की काय करत होतो तेच त्याला उमगेना.

तेवढ्यात विश्वजीतचा फोन आला. बजरंगनं जीप कडेला घेतली.

"दादा, रविवारचं कसं? जीपच ना? न्हाई, भैरूअण्णाची नवी गाडी हाय, इंद्रजीतची हाय, माझी हाय. पर तू म्हणशील तसं."

दर साली या प्रश्नाला एकच उत्तर ठरलेलं. ते ओठावर आलंही. पण नजर सुटलेल्या धाकट्या दांडीवर गेली आणि तोंडातनं भलतंच बाहेर पडलं.

"तुमी आपापल्या गाडीनं या. वर देवळापाशी भेटू."

तुळजाबाईनं मान वळवून नवऱ्याकडं बघितलं.

"रागावलास व्हय?" विश्वजीतनं विचारलं.

"न्हाई रं. या निवांत."

मग विश्वजीत हळूच म्हणाला, "दादा... मग मी तुज्यासंगं जीपमधी येऊ का?"