मिस्त्रींचा उजवा तळवा

"पाय हलवू नका, काका," हेडफोनमधून आवाज आला.

मिस्त्री निमूट पडून राहिले. पायांकडून कमरेपर्यंत ते एमआरआयच्या बोगद्यात होते. मशीन असं खडखडत होतं, जणू आत कोणी फरश्या कापायला बसलंय. त्या आवाजाची त्यांना भीती नव्हती. त्यातच त्यांची हयात गेली होती. भीती होती ती उजव्या पायाच्या तळव्याची. त्याच्याखाली गादी आहे की दगड, हे त्याला आज वर्षभर सांगता येत नव्हतं.

मिस्त्री फरशी बसवायचे. पाणसळ लावून पातळी सगळेच बघतात. मिस्त्री सगळं झाल्यावर उजवी चप्पल काढायचे आणि सांध्यांवरून तळवा फिरवायचे. एखादी फरशी नखाएवढी वर असली तरी तळवा अडायचा. मग एका घरून बोलावणं आलं. बाईंनी खुर्ची सरकवून दाखवली, ती सांध्याला ठेचकाळत होती. त्याच सांध्यावरून मिस्त्रींचा तळवा फिरला होता, आणि त्याला काहीही कळलं नव्हतं. घरी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. पण एका संध्याकाळी ते उजव्या पायात चप्पल नसतानाच घरी आले. "ती कुठं टाकलीत?" असं बायकोनं विचारल्यावर त्यांनी खाली पाहिलं, आणि मग लपवण्यासारखं काही उरलं नाही.

डायबेटीस जुनाच होता. थोरल्या भावालाही होता. त्याचं आधी तळव्यापासूनच सुरू झालं, मग बोट गेलं, मग पाऊल. त्यामुळे घरात निकाल लागल्यातच जमा होता. बायकोनं साखरेचा डबा माळ्यावर टाकला. रोज चष्मा लावून ती त्यांचे तळवे तपासू लागली. अनवाणी फिरणं बंद. न्हाणीघरातसुद्धा चप्पल.

काही महिन्यांपूर्वी, पहिल्या एमआरआयच्या वेळी, डॉक्टरबाईंनी मिस्त्रींना पडद्यासमोर बसवलं. "साखरेनं नसांना थोडं धरलंय, खोटं नाही सांगत," त्या म्हणाल्या. "पण सगळं तिच्या माथी मारू नका. हे बघा, घोट्याच्या आतल्या बाजूला नस चेपलीय, आणि चेपलेल्या जागेच्या वर सुजलीय. कामाला बसता कसे तुम्ही?"

मिस्त्रींनी तिथंच जमिनीवर बसून दाखवलं. उजवा पाय दुमडून खाली, आणि सगळा भार त्या घोट्यावर.

"कधीपासून?"

"मिसरूड फुटायच्या आधीपासून."

"साखरेमुळं नस आधीच नाजूक," डॉक्टरबाईंनी कपाळावर हात मारला, "आणि तुम्ही तिच्यावर बसून अख्खा संसार केलात."

तेव्हापासून मिस्त्री बुटक्या स्टुलावर बसून काम करत होते. मिस्त्रींना आता गादी मिळाली, असं म्हणून बाकीचे गवंडी हसायचे. हसोत. साखरही बायकोच्या धाकानं आटोक्यात आली होती. एवढं करूनही तळवा काही बोलत नव्हता. तो बोलला नाही तर हातातलं काम सोडायचं, आणि पुढं भावाच्या वाटेनं जायचं, हे त्यांनी मनाशी धरलं होतं.

मशीन थांबलं. मिस्त्री बाहेर आले. शेजारच्या खोलीत डॉक्टरबाई पडद्यात डोकं खुपसून बसल्या होत्या.

"सूज उतरलीय, काका. नस मोकळी दिसतेय."

"म्हणजे कळायला लागणार?"

"फोटोत नस दिसते. तिला काय कळतं, ते फोटोत दिसत नाही. होईल, पण कधी आणि किती, ते मी नाही सांगू शकत. वाट बघू."

दुधाची तहान ताकावर भागवून मिस्त्री उठले आणि लांबलचक व्हरांड्यात आले. मशीनच्या खोलीबाहेर काढलेली त्यांची चप्पल जागेवर नव्हती. ती हरवू नये म्हणून बायको ती मांडीवर घेऊन पार दुसऱ्या टोकाच्या बाकावर बसली होती. मिस्त्री तसेच तिच्याकडे निघाले.

"अहो, अनवाणी?" ती लांबूनच उठली. "सतरांदा सांगितलं तुम्हाला. काही टोचलं तर कळणार आहे का?"

मिस्त्रींचं लक्ष नव्हतं. ते मध्येच थांबले होते. एक पाऊल मागं सरकले, पुन्हा पुढं आले. मग डाव्या पायावर उभं राहून त्यांनी दुसरा पाय जमिनीवरून हळूच ओढला. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ही फरशी वर आलीय," ते म्हणाले.

"आता दवाखान्याच्या फरश्या उखडा. आधी चप्पल घाला."

"जरा वर आलीय. ह्या कोपऱ्यात. नीट बसवलेली नाही."

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे तिला ठाऊक होतं. ती चप्पल पायांपुढं ठेवायला खाली वाकली. डावा पाय अख्खा एका फरशीवर टेकलेला होता. सांध्यावर होता तो उजवा.

ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. उठली तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि चप्पल पुन्हा तिच्याच हातात होती.

"परत एकदा चाला बघू," ती म्हणाली. "अनवाणीच."